साथीच्या पहिल्या रात्री कोणी कोणाला कळवायचे? स्थानिक आराखड्याबाबत मार्गदर्शन हवे आहे

उंबरठा

नमस्कार. आमच्या स्थानिक संस्थेने सार्वजनिक आरोग्याच्या आणीबाणीसाठीचा आपला आराखडा सुधारण्यासाठी एक छोटी समिती नेमली असून, वैद्यकीय शिक्षण नसतानाही केवळ कागदपत्रांची सवय आहे म्हणून माझे नाव त्या समितीत घालण्यात आले आहे. जुना आराखडा मी दोनदा वाचला. तो नव्वद पानांचा आहे, त्यात समित्यांखाली उपसमित्या आहेत, प्रत्येक खात्याची जबाबदारी एकेका परिच्छेदात लिहिलेली आहे आणि शेवटी दूरध्वनी क्रमांकांची लांबलचक यादी आहे. एवढे सगळे वाचूनही मला एका साध्या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही : रविवारी रात्री एखाद्या डॉक्टरांना काही वेगळे घडते आहे असे वाटले, तर त्यांनी कोणाला कळवायचे, आणि ज्याला कळवले त्याने त्याच रात्री काय करायचे?

हा प्रश्न मी कल्पनेने उभा केलेला नाही. काही काळापूर्वी आमच्याकडे जुलाब-उलट्यांची एक साथ येऊन गेली. चार-पाच दवाखान्यांत रोज दोन-तीन जास्तीचे रुग्ण येत होते, पण प्रत्येक डॉक्टरांना ती आपल्यापुरती बाब वाटली. जलवाहिनी फुटल्याचे पाणीपुरवठ्याच्या लोकांना ठाऊक होते, पण त्यांच्या लेखी तो दुरुस्तीचा विषय होता, आरोग्याचा नव्हता. या दोन गोष्टी एका टेबलावर यायला सहा दिवस लागले. यात कोणा एकाला दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण कोणीही आपले नेमून दिलेले काम टाळलेले नव्हते.

आमच्याकडे स्वतःची प्रयोगशाळा नाही आणि नमुना बाहेर पाठवला की अहवालाला काही दिवस लागतात. तोवर थांबायचे की नाही, न थांबता पाणी बंद करण्यासारखा निर्णय घ्यायचा झाल्यास तो कोणी घ्यायचा, साठ्यात नेमके काय व किती ठेवायचे, आणि आपल्यालाच पुरते काही माहीत नसताना लोकांना काय सांगायचे, हे मला समजून घ्यायचे आहे. 'जनजागृती करावी' एवढेच उत्तर कृपया देऊ नये. ते वाक्य जुन्या आराखड्यात अकरा ठिकाणी आहे.

मोजपट्टी

साथरोग सर्वेक्षणात माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून उत्तर थोडे लांबेल. तुमच्याकडे माहिती होती, पण ती एकत्र येण्याची जागा नव्हती. बहुतेक ठिकाणी असेच असते, त्यामुळे आराखड्याचे पहिले पान या जागेसाठी राखून ठेवावे असे मी सुचवीन.

आधी एक मापदंड सांगतो. 2021 मध्ये काही तज्ज्ञांनी '7-1-7' नावाचे उद्दिष्ट मांडले : उद्रेक सुरू झाल्यापासून सात दिवसांत तो ओळखला जावा, ओळखल्यापासून एका दिवसात वरच्या यंत्रणेला कळवले जावे आणि त्यानंतरच्या सात दिवसांत सुरुवातीच्या उपाययोजना पूर्ण व्हाव्यात. या मापाने तुमचे सहा दिवस वाईट नाहीत असे कोणी म्हणेल. पण पटकीचा (कॉलऱ्याचा) अधिशयनकाळ, म्हणजे जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, काही तासांपासून पाच दिवसांपर्यंतच असतो. म्हणजे सहा दिवसांत रुग्णांची पहिली फळी आजारी पडून दुसरी तयार झालेली असते. सर्व रोगांना एकच घड्याळ लावता येत नाही, हे आराखड्यात स्पष्ट लिहा.

लवकर ओळखण्याचे काम प्रयोगशाळेपेक्षा कान उघडे ठेवणारी माणसे जास्त करतात. 1993 च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचा संसर्ग पसरला आणि अंदाजे 4 लाख 3 हजार लोक आजारी पडले. क्लोरीनला हा परजीवी दाद देत नाही आणि नेहमीच्या तपासणीत तो शोधलाही जात नसे. तिथे पहिली खूण मिळाली ती औषधांच्या दुकानांतून जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या संपू लागल्या आणि शाळांत, कामांवर गैरहजेरी वाढली तेव्हा. त्याआधीच शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढला होता. तो आकडा नोंदवला जात होता, पण तो आणि गैरहजेरी यांची सांगड घालणारे कोणी नव्हते. तुमच्या फुटलेल्या जलवाहिनीची कथा याहून फार वेगळी नाही.

म्हणून औषधविक्रेते, शाळांचे मुख्याध्यापक, खासगी दवाखाने, रुग्णवाहिकेचे चालक, पाणीपुरवठ्याचे कर्मचारी आणि पशुवैद्य अशी पंधरा-वीस माणसे निवडा. त्यांनी आठवड्यातून एकदा एकाच क्रमांकावर दोन ओळी कळवाव्यात आणि काही विशेष नसेल तेव्हाही 'शून्य' असे कळवावे. शून्य अहवालाची लोक थट्टा करतात, पण 'काही घडले नाही' आणि 'कोणी पाहिलेच नाही' यांतला फरक कळण्याचा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. सवयीने कळवणारा माणूसच अडचणीच्या रात्रीही कळवतो.

संशय आला की त्याच दिवशी कामापुरती रुग्णव्याख्या ठरवावी. जुलाबाच्या बाबतीत 'चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौच, अमुक तारखेनंतर, अमुक वस्त्यांमध्ये' एवढी व्याख्या सुरुवातीला पुरते. मग रुग्णांची ओळवार यादी करावी : वय, लिंग, राहण्याची जागा, लक्षणे सुरू झाल्याची तारीख व वेळ, पिण्याच्या पाण्याचा स्रोत. डॉक्टरांकडे आल्याची तारीख लिहून भागत नाही, लक्षणे सुरू झाल्याचीच हवी. ही चूक मी अनुभवी लोकांच्या हातूनही होताना पाहिली आहे. तारखांप्रमाणे स्तंभ मांडले की आलेख बोलू लागतो. एकदम चढून उतरणारा आलेख एकाच वेळच्या सामाईक स्रोताकडे बोट दाखवतो, तर ठरावीक अंतराने वाढत जाणाऱ्या लाटा माणसामाणसांतील प्रसार सुचवतात. तीच यादी नकाशावर ठिपक्यांनी मांडावी.

प्रयोगशाळेसाठी थांबायचे का? नमुने जरूर घ्यावेत, आणि प्रतिजैविक सुरू होण्यापूर्वी घ्यावेत. पण कृती थांबवू नये. लंडनमध्ये जॉन स्नो यांच्या सांगण्यावरून ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचा दांडा काढण्यात आला तो 8 सप्टेंबर 1854 रोजी, आणि रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जिवाणू जगापुढे मांडला 1884 मध्ये. जंतूचे नाव कळायच्या तीस वर्षे आधी पंप बंद करता आला, कारण मृत्यू कुठे होत आहेत याची नोंद होती. (ती साथ दांडा काढण्यापूर्वीच ओसरू लागली होती हेही खरे, निर्णय योग्य होता, पण तो आठवडाभर आधी झाला असता तर त्याचा अधिक उपयोग झाला असता.)

साशंक

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, परंतु माझा अनुभव थोडा वेगळा आहे. अशी पंधरा-वीस माणसे कळवू लागली की पहिल्या महिन्यात उत्साह असतो, नंतर अफवांचा भडिमार होतो आणि दोन-तीन कर्मचारी असलेल्या कार्यालयाला प्रत्येक फोनमागे धावता येत नाही. चार वेळा काहीच न निघाल्यावर पाचव्या वेळी कोणी जात नाही, आणि नेमकी तीच खरी साथ असते. कळवणाऱ्यांची संख्या वाढवण्यापूर्वी पडताळणी करणाऱ्यांचा विचार केला आहे का?

मोजपट्टी

आक्षेप रास्त आहे. प्रत्येक फोनमागे धावायचे नसतेच. फोन घेणाऱ्याने तीन गोष्टी विचारून नोंदवहीत लिहाव्यात : नेहमीपेक्षा किती जास्त, त्यांच्यात सामाईक काय, आणि कोणी गंभीर आजारी किंवा दगावले आहे का. नेहमीचा आकडा माहीत असल्याशिवाय पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून शून्य अहवालाचा आग्रह. एकाच घरातील, शाळेतील किंवा वस्तीतील रुग्ण, न समजणारा मृत्यू, किंवा आरोग्य कर्मचारीच आजारी पडणे यांपैकी एक जरी गोष्ट असेल तर त्याच दिवशी माणूस पाठवावा. बाकीचे दुसऱ्या दिवशी फोनवर पुन्हा विचारले तरी चालते. शिवाय कळवणाऱ्याला उलट कळवावे की तुमच्या माहितीचे पुढे काय झाले. लोक कळवणे बंद करतात ते सहसा कंटाळून नव्हे, तर आपले म्हणणे कुठे जाते हे त्यांना कधीच समजत नाही म्हणून.

पाणक्या

पाणीपुरवठ्यात काम करतो, म्हणून त्या भागापुरते लिहितो. आम्हाला दुरुस्ती आणि आरोग्य हे वेगळे विषय वाटतात हा आरोप मान्य आहे. पण त्याचे एक तांत्रिक कारण समजून घ्यावे. जिथे पाणी ठरावीक तासच सोडले जाते तिथे उरलेल्या वेळात वाहिनीतला दाब नाहीसा होतो, आणि सांडपाण्याच्या गटाराशेजारून जाणाऱ्या वाहिनीला फट असेल तर बाहेरचे पाणी आत ओढले जाते. त्यामुळे टाकीजवळचा नमुना निर्दोष आणि शेवटच्या घरातला दूषित, असे सहज घडते. तपासणी वाहिनीच्या शेवटच्या टोकाला झाली पाहिजे. तिथल्या नळाला उर्वरित मुक्त क्लोरीन, म्हणजे जंतू मारूनही पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन, लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावा आणि साथीची शक्यता असताना तो 0.5 च्या आसपास ठेवावा. पाणी क्लोरीनच्या संपर्कात किमान अर्धा तास राहायला हवे. पाणी गढूळ असेल तर आधी गाळून किंवा तुरटीने निवळून घ्यावे, नाहीतर क्लोरीन मातीवरच खर्च होतो.

आता साठ्याबद्दल. ब्लीचिंग पावडर, जिला अनेक जण टीसीएल म्हणतात, ती ताजी असताना तिच्यात साधारण 25 ते 33 टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. पण उष्णता, ओलावा आणि उघडी पिशवी यांमुळे तो भराभर कमी होतो. हजार लिटर पाण्यात लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर एकूण 2 ग्रॅम क्लोरीन लागेल. 33 टक्क्यांच्या पावडरीचे ते सुमारे 6 ग्रॅम होतात, 25 टक्क्यांच्या पावडरीचे 8 आणि वर्षभर कोपऱ्यात पडून 10 टक्क्यांवर आलेल्या पावडरीचे 20. नोंदवहीत 'दहा पोती शिल्लक' लिहिले आहे म्हणून समाधान मानणाऱ्यांनी त्या पोत्यांची ताकद शेवटची कधी तपासली हे विचारावे. पाण्याला प्रत्यक्षात किती मात्रा लागेल हे होरॉक्सच्या चाचणीने ठरवता येते आणि ती चाचणी शिकायला एक दुपार पुरते.

याच विषयावरची एक नोंद घेण्यासारखी घटना म्हणजे कॅनडातील वॉकर्टन. मे 2000 मध्ये जोराच्या पावसानंतर शेणखतातले जंतू एका उथळ विहिरीत उतरले. क्लोरीन पुरेसा दिला जात नव्हता आणि नोंदवहीत मात्र खोटे आकडे भरले जात होते. प्रयोगशाळेने दूषित नमुन्याचा अहवाल पाणीपुरवठा चालवणाऱ्यांना दिला आणि त्यांनी तो आरोग्य यंत्रणेपासून लपवला. आरोग्य अधिकाऱ्यांना आजारी मुलांवरून संशय आला, पाणी ठीक आहे असे त्यांना वारंवार सांगण्यात आले, आणि अखेर त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर पाणी उकळून पिण्याची सूचना काढली. सुमारे 2,300 लोक आजारी पडले आणि 7 जण दगावले. माझ्या मते यातून आराखड्यात एकच ओळ घालायची आहे : पाण्याचा प्रत्येक दूषित अहवाल प्रयोगशाळेने पाणीपुरवठ्याला आणि आरोग्य अधिकाऱ्याला एकाच वेळी पाठवावा. आमच्यावर विश्वास ठेवून बसू नका, असे मी आमच्याच बाजूने सांगतो आहे.

बाह्यरुग्ण

दवाखान्याच्या बाजूने थोडे लिहिते. साठ्याची यादी करताना 'सलाईन : पुरेसा साठा' असे लिहिण्याची पद्धत आहे, पुरेसा म्हणजे किती याचे गणित मात्र कोणी करत नाही. तीव्र निर्जलीकरण झालेल्या प्रौढाला किलोमागे 100 मिलिलिटर रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचे एक सलाईन) तीन तासांत द्यावे लागते, त्यापैकी 30 मिलिलिटर पहिल्या अर्ध्या तासात. साठ किलो वजनाच्या माणसाला ते 6 लिटर होते. असे दहा रुग्ण एका संध्याकाळी आले तर 60 लिटर, म्हणजे अर्ध्या लिटरच्या 120 बाटल्या, रात्र व्हायच्या आत संपतात. आता आपल्या कपाटात किती आहेत ते मोजावे, आणि सोबत शिरेत घालायच्या सुया व नळ्यांचे संच तेवढेच आहेत का हेही पाहावे. बाटल्या आहेत पण संच नाहीत, अशी एक रात्र मी काढलेली आहे. ती कुठे ते सांगत नाही.

तरीही पटकीच्या बहुसंख्य रुग्णांना सलाईनची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार सुमारे 80 टक्के रुग्ण केवळ तोंडावाटे जलसंजीवनी देऊन बरे होऊ शकतात. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले, आणि सुमारे 30 टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आले. उपचार न मिळाल्यास तीव्र पटकीत निम्मे रुग्ण दगावू शकतात आणि वेळेवर पाणी भरून काढल्यास हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली राहते. म्हणून मोठ्या रुग्णालयात खाटा वाढवण्याइतकेच वस्तीपाशी जलसंजीवनी केंद्र उघडणे महत्त्वाचे आहे : एक टेबल, उकळलेले किंवा क्लोरीनयुक्त पाणी, पाकिटे, मापाचे भांडे आणि कोणाला पुढे पाठवायचे हे ओळखू शकणारी एक प्रशिक्षित व्यक्ती.

दुसरा मुद्दा श्वसनमार्गाच्या आजारांचा. तिथे ऑक्सिजन, वेगळे प्रवेशद्वार, हवा खेळती असलेली प्रतीक्षेची जागा आणि कर्मचाऱ्यांना नीट बसणारे मुखपट या गोष्टी लागतात. टोरांटोमध्ये 2003 साली सार्सची पहिली लाट ओसरल्यावर रुग्णालयांतील खबरदारी मे महिन्यात सैल करण्यात आली आणि न ओळखल्या गेलेल्या रुग्णांपासून दुसरी लाट उसळली. बाधितांमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांचा वाटा मोठा होता. खबरदारी कधी सुरू करायची हे प्रत्येक आराखडा सांगतो, ती कोणत्या निकषावर थांबवायची हे मात्र क्वचितच लिहिलेले असते.

आणि कृपया हेही लिहा की साथ चालू असताना बाळंतपणे, लसीकरण, डायलिसिस आणि मधुमेहाची औषधे कुठे मिळतील. पश्चिम आफ्रिकेत 2014 मध्ये इबोलाच्या काळात दवाखाने ओस पडले आणि मलेरियासारख्या उपचार असलेल्या आजारांनीही माणसे गेली. असे मृत्यू साथीच्या तक्त्यात कुठेच दिसत नाहीत.

शब्दार्थ

लोकांना काय सांगायचे, या प्रश्नावर अजून कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. पहिल्या दिवसाच्या निवेदनात चार गोष्टी असाव्यात : आम्हाला काय माहीत आहे, काय अजून माहीत नाही, ते कळण्यासाठी आम्ही काय करत आहोत, आणि पुढची माहिती किती वाजता देऊ. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि नवे काही नसले तरी ती वेळ पाळावी लागते. 'घाबरून जाऊ नये' हे वाक्य मी होईल तितके टाळतो. ते ऐकल्यावर घाबरायचे थांबलेला माणूस मी पाहिलेला नाही, उलट घाबरण्यासारखे काहीतरी आहे ही बातमी मात्र त्यातून पोहोचते. त्याऐवजी 'आज रात्रीपासून पाणी उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळून प्या आणि बाळाला अंगावर पाजणे सुरूच ठेवा' असे सांगितले, तर माणसाच्या हाताला काम मिळते.

सत्य लपवल्याची किंमत 1918 च्या इन्फ्लुएंझाने दाखवून दिलेली आहे. फिलाडेल्फियात आजार शिरलेला असतानाही 28 सप्टेंबरचा मोठा संचलन सोहळा रद्द झाला नाही; सुमारे दोन लाख लोक रस्त्यावर जमले आणि काही दिवसांतच तिथली रुग्णालये भरून गेली. सेंट लुइसने ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच शाळा, नाट्यगृहे आणि जमाव बंद केले, आणि तिथला मृत्युदराचा कळस पुष्कळ खाली राहिला.

परंतु निवेदन ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाही त्यांचा विचार आधी करावा. शिकागोत जुलै 1995 मध्ये काही दिवसांच्या उष्णतेच्या लाटेत 700 हून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते. इशारा त्यांनी ऐकला असेलही; दार ठोठावणारे कोणी नव्हते. एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, ऐकू न येणारे, वेगळी भाषा बोलणारे यांची यादी, त्यांच्या संमतीने आणि गोपनीयता राखून, शांततेच्या काळातच करावी लागते आणि दर सहा महिन्यांनी सुधारावी लागते. कोणत्या गल्लीत कोण जाईल हे नावानिशी ठरलेले असावे.

आणखी एक गोष्ट. मृतदेहाची विल्हेवाट हा विषय आराखड्यात एखाद्या ओळीत उरकला जातो. 2014 च्या इबोला साथीत संसर्गाचा मोठा भाग अंत्यविधींतून होत होता, पण नातेवाइकांना दूर लोटणाऱ्या पद्धतीमुळे लोक मृत्यू लपवू लागले. त्या वर्षाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने कुटुंबाला सहभागी करून घेणारी, सुरक्षित आणि सन्मानपूर्वक अंत्यविधीची पद्धत आणली तेव्हा सहकार्य वाढले. कुटुंबाशी कोण बोलेल आणि त्याला कोणी शिकवले आहे, एवढे तरी आराखड्यात असावे.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. अधिकाराचा प्रश्न मात्र अजून अनुत्तरित आहे. आमच्याकडे पाणी बंद करायचे तर तीन स्वाक्षऱ्या लागतात, आणि तिघांपैकी एक जण नेहमी बाहेरगावी असतो. शिवाय निर्णय चुकला तर जबाबदार कोण, या भीतीने कोणीच पुढे येत नाही.

मोजपट्टी

अधिकार आणीबाणीत मागून मिळत नाही, तो आधी लिहून घ्यावा लागतो. एक प्रमुख आणि त्याच्या अनुपस्थितीत आपोआप पदभार घेणारे दोन पर्यायी अधिकारी ठरवावेत. व्यक्तीचे नाव नव्हे, पद लिहावे, म्हणजे बदली झाली तरी आराखडा बदलत नाही. कॅलिफोर्नियातील 1970 च्या वणव्यांनंतर घटना व्यवस्थापनाची जी पद्धत विकसित झाली, तिचा गाभा इतकाच आहे की अनेक खाती एकत्र आली तरी आदेश एकाच ठिकाणाहून निघावा आणि प्रत्येकाला आपला वरिष्ठ एकच असावा.

जबाबदारीच्या भीतीवर उपाय म्हणजे निर्णयाचे निकष आधीच ठरवणे. उदाहरणार्थ, एकाच वाहिनीवरील वस्तीत ठरलेल्या संख्येपेक्षा जास्त रुग्ण आढळले आणि शेवटच्या नळाला क्लोरीन मिळाला नाही, तर कर्तव्यावरील अधिकारी कोणालाही न विचारता पाणी उकळून पिण्याची सूचना काढेल आणि मग वरिष्ठांना कळवेल. अशी सूचना नंतर अनावश्यक ठरली तर लोकांचे थोडे इंधन वाया जाते; न काढल्यास जे होते ते वॉकर्टनने पाहिले. पाणी पूर्ण बंद करण्याचा निर्णय वेगळा आहे. पाण्याविना हात धुणे थांबते आणि लोक त्याहून वाईट स्रोताकडे वळतात, म्हणून टँकरची सोय हाताशी असल्याशिवाय तो घेऊ नये.

एका प्रमुखाचा उपयोग नायजेरियात दिसला. 20 जुलै 2014 रोजी इबोलाचा रुग्ण विमानाने लेगॉसमध्ये उतरला. पोलिओ निर्मूलनासाठी आधीच चालू असलेली नियंत्रण कक्षाची व्यवस्था आणि तिथली सरावलेली माणसे त्या कामाला लावण्यात आली. 894 संपर्कांचा पाठपुरावा सुमारे 18,500 प्रत्यक्ष भेटींनी झाला, आणि एवढ्या अफाट शहरात साथ 20 रुग्ण व 8 मृत्यूंवर थांबली. त्या माणसांना एकमेकांचे फोन नंबर शोधावे लागले नाहीत, ते रोजच बोलत होते. तुमच्याकडे लसीकरणाची किंवा डास नियंत्रणाची जी फळी रोज फिरते, तिच्यावरच आणीबाणीचे काम बसवा. साथीसाठी वेगळी समिती केली तर ती साथ येईपर्यंत एकदाही भेटणार नाही.

सरावाबद्दल थोडक्यात. मोठ्या रंगीत तालमीच्या आधी टेबलाभोवती बसून दोन तासांचा सराव करा : एक जण प्रसंग वाचतो, दर दहा मिनिटांनी नवी अडचण टाकतो आणि प्रत्येक जण आपण प्रत्यक्ष काय केले असते ते सांगतो. 'संबंधितांना कळवू' असे उत्तर आले की तिथेच थांबवून फोन लावायला सांगावे.

उंबरठा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. आराखडा अजून पूर्ण झालेला नाही, पण श्री. मोजपट्टी यांच्या शेवटच्या ओळीवरून मी जुन्या यादीतले सगळे 58 क्रमांक एका संध्याकाळी लावून पाहिले. योग्य व्यक्ती 21 ठिकाणी मिळाली. अकरा क्रमांक अस्तित्वात नव्हते, बाकीचे बदली झालेल्या, निवृत्त झालेल्या किंवा फोन न उचलणाऱ्या मंडळींचे होते, आणि एका गृहस्थांनी आपण त्या पदावर कधीच नव्हतो असे शांतपणे सांगितले. आता यादीत पदांची नावे आहेत, एक सामाईक क्रमांक आहे, आणि तो रात्री कोणाकडे असेल याचा तक्ता भिंतीवर लावला आहे.

पाणीपुरवठ्याच्या सहकाऱ्यांनी वाहिन्यांच्या शेवटच्या टोकांचे नऊ नळ निश्चित करून दिले असून तिथली क्लोरीनची नोंद रोज सकाळी आरोग्य विभागाकडे येऊ लागली आहे. पहिल्या आठवड्यात दोन नळांना क्लोरीन शून्य निघाला. तीन स्वाक्षऱ्यांचा ठराव पुढच्या बैठकीत येईल.

टेबलाभोवतीचा सराव काल झाला. प्रसंग शनिवारी रात्री साडेअकराचा होता आणि विसाव्या मिनिटाला ब्लीचिंग पावडर काढायची वेळ आली. तेव्हा कळले की गोदामाची किल्ली एकाच कर्मचाऱ्याकडे असते आणि ते सोमवारपर्यंत रजेवर आहेत. दुसरी किल्ली आज सकाळी करून घेतली. ती कर्तव्यावरील अधिकाऱ्याच्या खोलीत, तक्त्याखालच्या खिळ्याला टांगलेली आहे. पावडरीची ताकद तपासायला नमुना पाठवला आहे.